हवेच्या होजची झाडाझडती

कॉम्प्रेसरची देखभाल बहुतेक ठिकाणी नियमाने होते. टाकीतलं पाणी रोज काढलं जातं, तेल वेळेवर बदललं जातं, सेफ्टी व्हॉल्व्हच्या तपासणीची तारीख रजिस्टरमध्ये लिहिली जाते. ती हवा शेवटी ज्या होजमधून, म्हणजे लवचीक नळीतून, माणसाच्या हातात येते त्याच्याकडे मात्र तो फुटेपर्यंत कोणी वळून बघत नाही. आमच्या वर्कशॉपमध्येही तसंच होतं. एके दिवशी ग्राइंडरच्या होजचं टोक निपलवरून, म्हणजे आत बसवलेल्या धातूच्या नळकांड्यावरून, निसटलं आणि कोणीतरी धावत जाऊन कॉक बंद करेपर्यंत तो मोकळा होज टेबलावर आणि जमिनीवर आपटत राहिला. शेजारी काम करणाऱ्या मुलाच्या गॉगलची काच तडकली. गॉगल होता म्हणून डोळा वाचला. त्यानंतर वर्कशॉपमधला हवेचा एकेक होज तपासायचा, निकामी असेल तो काढून टाकायचा आणि उरलेल्यांची नीट व्यवस्था लावायची, हे काम देखभाल विभागातर्फे माझ्याकडे आलं.

मी ते आवडीने घेतलं. आमचे जुने फिटर काका आणि दोन शिकाऊ मुलं सोबतीला होती. कामाला हात घालण्याआधी मुलांना एकच गोष्ट पटवून द्यायची होती, की हवा दिसत नसली तरी ताकदीला कमी नसते. आमच्या लाइनला 7 बार दाब असतो. अर्धा इंची होजच्या तोंडावर या दाबाने साधारण 9 किलोंचा रेटा येतो आणि 25 मिलिमीटरच्या होजवर तोच सुमारे 35 किलोंवर जातो. पाण्याचा पाइप फुटला की दाब चटकन उतरतो, कारण पाणी फारसं दाबलं जात नाही. हवा दाबून भरलेली असते, मोकळी झाली की ती जवळपास आठपट जागा व्यापते. शिवाय मागे अख्खी टाकी भरलेली असते, त्यामुळे सुटलेला होज आपटायचा थांबत नाही. कपलिंगचा लोखंडी तुकडा टोकाला तसाच राहिला असेल तर तो कुठे लागेल याचा नेम नाही.

म्हणून होज गोळा करतानाच शिस्त लावली. आधी लाइनवरचा बॉल व्हॉल्व्ह बंद करायचा, मग हत्याराचा ट्रिगर दाबून होजमधली हवा संपवायची, आवाज पूर्ण थांबल्यावरच कपलर, म्हणजे होज जोडायचा-सोडायचा जोड, काढायचा, तोही टोक हातात घट्ट धरून. व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे होज रिकामा झाला, असा बऱ्याच जणांचा समज असतो. व्हॉल्व्हच्या पुढे वीस मीटर होज असेल तर तेवढी हवा आत अडकूनच राहते. होज दुमडून हवा थांबवायची आणि तेवढ्यात हत्यार बदलायचं, ही सवयही सर्रास दिसली. त्याने होजच्या आतल्या विणीचे दोरे त्या एका जागी तुटतात, आणि हात जरा सैल झाला तर दाब तोंडावर येतो.

लाइनवरचे, बेंचखालचे, कॉम्प्रेसरच्या मागे पडलेले आणि स्टोअरमध्ये टांगलेले असे सगळे होज एका मोकळ्या जागी आणून पसरले. बघताना टोकांपासून सुरुवात केली, कारण होज मधे क्वचित फुटतो, बहुतेक वेळा टोकाशीच दगा देतो.

टोकांवर काय काय निघालं! कुठे स्क्रूवाली साधी क्लिप, कुठे दोन क्लिपा शेजारी शेजारी, कुठे बाइंडिंग वायरचे वेढे. वरून घट्ट दिसणाऱ्या एका क्लिपचा स्क्रू काकांनी सोडला तर खाली रबरात खोल खाच पडलेली, खाचेच्या तळाशी विणीचे पांढरे दोरे उघडे पडलेले आणि त्यांतले काही तुटून फणीसारखे उभे राहिलेले. क्लिप घसरू नये म्हणून कोणीतरी दर वेळी स्क्रू आणखी एक आटा आवळत गेलं होतं, आणि दर वेळी पट्टी रबरात तेवढी आणखी रुतत गेली होती. स्क्रूच्या क्लिपचा दाब सगळीकडून सारखा बसत नाही. स्क्रूच्या घरापाशी तो कमी पडतो, पट्टीच्या कडेला जास्त. बागेतल्या पाण्याच्या पाइपला ती चालते, दाबाच्या हवेला नाही.

आता आमच्याकडे दोनच पद्धती ठेवल्या आहेत. छोट्या होजना फेरूल, म्हणजे होजवरून मशीनने दाबून बसवलेली धातूची कडी; यालाच क्रिंप केलेलं टोक म्हणतात. मोठ्या होजना दोन बोल्टांची क्लॅम्प. तिची नखं निपलच्या कॉलरमागे अडकतात, म्हणून होज ओढला गेला तरी निपल सुटत नाही. फेरूल आणि निपल दोन्ही त्या होजच्या मापाचेच हवेत. नुसता आतला व्यास जुळून भागत नाही, बाहेरचा व्यासही जुळावा लागतो, कारण फेरूल बाहेरूनच आवळली जाते.

टोकं झाल्यावर होजची अंगं घेतली. दाब नसताना होज हातातून थोडा थोडा सरकवत न्यायचा आणि बोटांना काय लागतं ते बघायचं. फुगवटा, मऊ पडलेली जागा, चपटा झालेला भाग, भाजल्याची खूण, वरचं कवच घासून दिसणारी वीण, यातलं काही सापडलं की खडूने खूण करायची. हे काम मुलांना इतकं छान जमलं की पुढे पुढे ती डोळे मिटूनही फुगवटा शोधू लागली. हवा चालू असताना मात्र गळती कधीही हात फिरवून शोधायची नाही. बारीक भोकातून जोरात येणारी हवा कातडीखाली शिरू शकते. गळतीसाठी साबणाचं पाणी आणि ब्रश पुरेसा आहे. आणि गळती म्हणजे नुसती शिटी नव्हे. 7 बारला 3 मिलिमीटरच्या एका भोकातून सेकंदाला 10 लिटरच्या आसपास हवा वाया जाते, आणि ती भरून काढायला कॉम्प्रेसर फुकट चालत राहतो.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते स्टोअरमधल्या होजनी. लाइनवर रोज राबणारे, तेलात आणि चुऱ्यात लोळणारे काही होज चाचणीत सहज पास झाले. स्टोअरमध्ये टांगलेले, कधीच न वापरलेले होज वाकवून पाहिले तर बाकाच्या बाहेरच्या बाजूला आडव्या बारीक चिरा उघडल्या. सरळ धरले की चिरा मिटायच्या, वाकवले की पुन्हा दिसायच्या. ही ओझोनची करणी. ताणलेल्या रबरावर ओझोनचा परिणाम झाला की ताणाच्या आडव्या दिशेने चिरा पडतात. ओझोन कुठून येतो? वेल्डिंगच्या आर्कमधून, मोटरच्या ब्रशपाशी उडणाऱ्या ठिणग्यांतून. आमच्या स्टोअरची ती भिंत वेल्डिंग बेला लागूनच आहे, आणि समोरच्या खिडकीतून दुपारभर ऊन पडतं. त्यात ते होज एकेका खिळ्यावर टांगलेले. सगळं वजन खिळ्याच्या टोकावर, तिथे तीव्र मोड, आणि मोडावर ताण. ऊन, ओझोन आणि ताण एका जागी आले तर नवा होजही फार टिकत नाही.

होज वापरून जितके खराब होतात त्याहून जास्त ठेवण्याच्या पद्धतीने होतात, हे माझं मत त्या भिंतीसमोर उभं राहून झालं. पुढच्या कामाचा बराचसा वेळ मी त्यामुळेच साठवणीवर घालवला. त्याविषयी पुढे सांगते.

प्रत्येक होजवर लांबीभर एक ओळ छापलेली असते. कमाल कामाचा दाब, आतला व्यास, कुठल्या मानकानुसार बनवला ते, आणि बहुतेकदा उत्पादनाचा महिना किंवा तिमाही आणि वर्ष. दाबाच्या हवेच्या रबरी होजसाठी आयएसओ 2398 हे मानक आहे, प्लास्टिकच्या होजसाठी आयएसओ 5774. ज्याच्यावर काहीच छापलेलं नाही किंवा वाचता येत नाही तो बाद, असा नियम मी केला. यावर काकांचं आणि माझं थोडं वाजलं.

“मॅडम, हा बघा, किती जाडजूड आहे. वर्षानुवर्षं चाललाय. नुसता छापा नाही म्हणून टाकायचा?”

“काका, दाब जाडी सोसत नाही, आतली वीण सोसते. आत वीण कसली आहे, किती पदरी आहे, हे तुम्हाला बाहेरून सांगता येईल?”

काकांनी तो होज स्वतःच कापून पाहिला. आत वीण होती, पण एकच विरळ पदर. तो पाण्याचा होज होता, कोणी तरी कधी तरी हवेच्या लाइनला लावून दिलेला. त्यानंतर छापा नसलेले होज काकाच आधी बाजूला काढू लागले.

याच ढिगात गॅस कटिंगच्या सेटचा निळा होजही सापडला, हवेचे निपल लावलेला. निळा होज ऑक्सिजनचा असतो, लाल ॲसिटिलीनचा. हवेच्या लाइनमध्ये कॉम्प्रेसरच्या तेलाचा सूक्ष्म अंश येतो आणि होजच्या आतून बसतो. असा होज परत ऑक्सिजनवर गेला तर त्या तेलाला आग लागू शकते. म्हणून एकदा हवेला वापरलेला होज ऑक्सिजनला नाही, आणि गॅसचा होज हवेला नाही. हा निळा होज मी त्याच दिवशी माझ्यासमोर कापायला लावला.

वरवर ठीक दिसणाऱ्या होजची दाबचाचणी पाण्याने केली. आत पाणी भरून, हवा पूर्ण काढून, हातपंपाने छापलेल्या कमाल दाबाच्या दीडपट दाब द्यायचा आणि टोकांकडे लक्ष ठेवायचं. हवेच्या होजची फुटण्याची मर्यादा कामाच्या दाबाच्या चौपट धरून तो बनवलेला असतो, त्यामुळे धडधाकट होजला ही चाचणी जड जात नाही. निकामी होज असतो तो इथे उघडा पडतो. कुठे फेरूलपाशी पाण्याचा थेंब येतो, कुठे निपल हळूच मिलिमीटरभर सरकतो. ही चाचणी हवेने करायचा विचारही करू नये. होज फुटला तर पाण्याची चिळकांडी उडून दाब उतरेल, हवेचा स्फोट होईल. चाचणीनंतर होज उंच टांगून निथळू दिले आणि कमी दाबाच्या हवेने कोरडे केले, नाहीतर ते पाणी थेट हत्यारांच्या बेअरिंगमध्ये जातं.

बाद होज हातभर तुकडे करूनच भंगारात टाकले. अख्खा टाकला तर अडीअडचणीला तो भंगारातून परत लाइनवर येतो, हे काकांनी आवर्जून सांगितलं.

मग जोडणी. नखांच्या क्लॉ कपलिंगच्या दोन्ही भोकांत सेफ्टी पिन हवीच. कंपनांनी कपलिंग हळूहळू फिरतं, आणि पाव फेरा फिरलं की सुटतं. मोठ्या होजच्या प्रत्येक जोडावर व्हिप चेक लावले. ही पोलादी दोरी असते, दोन्ही टोकांना स्प्रिंगचे फास. एक फास जोडाच्या अलीकडच्या होजवर, दुसरा पलीकडच्या होजवर चढवायचा आणि दोन्ही मागे सारत नेऊन दोरी पूर्ण ताणून ठेवायची. बहुतेक ठिकाणी ही दोरी जोडाभोवती सैल लोंबताना दिसते. सैल दोरी असली की सुटलेल्या टोकाला वेग घ्यायला जागा मिळते आणि झटका बसून दोरीच तुटू शकते. ताणलेली असली तर टोक मुळात हलतच नाही.

व्हिप चेक टोक धरून ठेवतो, हवा थांबवत नाही. त्यासाठी एअर फ्यूज. हा छोटा व्हॉल्व्ह नेहमीचा प्रवाह जाऊ देतो, पण होज फुटून प्रवाह एकदम वाढला की बंद होतो. अमेरिकेतल्या ओशाच्या, म्हणजे कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या, बांधकामविषयक नियमांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त आतल्या व्यासाच्या होजना हवेच्या उगमापाशी किंवा शाखेच्या सुरुवातीला दाब कमी करणारं असं साधन सक्तीचं आहे. उगमापाशी, हे महत्त्वाचं. हत्याराच्या टोकाला लावून काहीच साधत नाही, कारण फुटणार तो भाग फ्यूजच्या मागे राहतो. मापही बघून घ्यावं लागतं. लहान घेतला तर मोठं हत्यार चालू करताच फ्यूज बंद पडतो, मोठा घेतला तर होज फुटूनही बंद पडत नाही. होज फार लांब असेल तर आतल्या घर्षणामुळे टोकाशी फुटल्यावरही प्रवाह पुरेसा वाढत नाही, म्हणून मी लांब होज तोडून मधे जोड देण्याऐवजी लाइनवर आउटलेटच वाढवून घेतले.

ग्राइंडर आणि इम्पॅक्ट रेंचसारख्या थरथरणाऱ्या हत्यारांना कपलर थेट लावत नाही आता. मधे हातभर लवचीक व्हिप होज असतो, कपलर त्याच्या पलीकडे. कपलर आणि निपल दोन्ही जास्त दिवस टिकतात. होजला धरून हत्यार ओढायचं किंवा वर चढवायचं नाही, त्यासाठी वेगळी दोरी. येण्याजाण्याच्या वाटेवरचे होज डोक्यावरून नेले, जिथे ते शक्य नाही तिथे वर उतरती पट्टी टाकली.

ब्लो गनबद्दल, म्हणजे हवा फुंकून साफसफाई करायच्या हत्याराबद्दल, थोडक्यातच सांगते, पण मनापासून. साफसफाईला 7 बारची हवा लागत नाही. ओशाच्या नियमात साफसफाईसाठी 30 पीएसआयच्या, म्हणजे सुमारे 2 बारच्या खालीच हवा वापरायची परवानगी आहे, तीही उडणारा चुरा अडवायची सोय आणि गॉगल असेल तर. नोझल बाजूला भोकं असलेलं घ्यावं, म्हणजे तोंड बंद झालं तरी हवेला बाजूने वाट मिळते. कपड्यांवरची धूळ हवेने झटकायची नाही. जखमेवाटे हवा रक्तात शिरली तर जीव जाऊ शकतो. आणि गंमत म्हणून कोणाच्या अंगाकडे हवा धरायची नाही. शरीराच्या वाटांनी आत गेलेल्या हवेने आतडी फाटून माणसं गेली आहेत. मुलांना हे मी आवाज चढवून सांगितलं आणि पुन्हाही सांगेन.

आता साठवण. पहिली सवय मोडायची होती ती होज कोपर आणि तळव्याभोवती गुंडाळण्याची. दोरी अशी गुंडाळतात म्हणून होजही तसाच गुंडाळला जातो. प्रत्येक वेढ्यागणिक त्यात एक पीळ भरतो, वेढाही फार लहान होतो. उलगडताना पीळ जातो कुठे? त्याच्याच गाठी पडतात, गाठ ओढली की मोड, आणि तिथेच पुढे चीर. आम्ही एक वेढा सुलटा आणि पुढचा उलटा अशी पद्धत घेतली. सुलटा वेढा नेहमीसारखा टाकायचा, उलट्याला मनगट आतल्या बाजूला फिरवून होज वेढ्याच्या खालून आणायचा. दोन वेढ्यांचे पीळ एकमेकांना काटतात. असा गुंडाळलेला होज टोक धरून ओढला की सरळ निघतो. फक्त आतलं टोक वेढ्यांतून ओवलं जाऊ देऊ नये, नाहीतर गाठींची माळच तयार होते. काकांचा हात यात लगेच बसला, मुलांना काही दिवस लागले. वेढ्याचा व्यास किती हे निर्मात्याच्या तक्त्यातल्या किमान वळणत्रिज्येवरून ठरवलं आणि त्यापेक्षा बराच मोठा ठेवला.

खिळे सगळे उपटले. त्यांच्या जागी रुंद, गोलाकार पाठीचे आधार बसवले, मोठ्या व्यासाचा पाइप उभा अर्धा कापून केलेले. होज त्यावर पसरून बसतो, एका बिंदूवर वजन येत नाही. जड होज टांगायचेच नाहीत, ते सपाट फळीवर आडवे, एकावर एक ढीग न करता. ढिगात तळाचा होज चपटा होतो आणि पुन्हा गोल होत नाही. जागा बदलून वेल्डिंगपासून आणि मोटरपासून लांबची, अंधारी, कोरडी भिंत घेतली. तेल आणि सॉल्व्हंटचे डबे तिथे ठेवत नाही.

ठेवण्यापूर्वी होज आतून निथळायचा, बाहेरून ओल्या फडक्याने पुसायचा आणि दोन्ही टोकांना टोप्या लावायच्या. टोप्यांचा मी फार आग्रह धरते. उघड्या टोकात चुरा जातो, कधी किडे घर करतात, आणि पुढच्या वेळी हवा सोडली की ते सगळं बंदुकीच्या छऱ्यासारखं बाहेर येतं किंवा हत्यारात जातं. म्हणून जोडण्याआधी टोक माणसांपासून दूर, जमिनीकडे धरून कमी दाबाने एकदा फुंकून घ्यायचं.

रीलवरच्या होजना वेगळी काळजी लागते. आतला दाब काढल्याशिवाय गुंडाळायचे नाहीत. भरलेला होज रीलवर घट्ट बसतो आणि आतल्या वेढ्यांना चेपतो. स्प्रिंगच्या रीलचं टोक हातात धरून चालत मागे न्यायचं, सोडून द्यायचं नाही. पाळी संपताना लाइनचा कॉक बंद करून होज रिकामे करायचे, हे मात्र अजून रोज सांगावं लागतं. रात्रभर दाबाखाली राहिलेल्या होजवर कोणाचंही लक्ष नसतं.

प्रत्येक होजला आता क्रमांकाची पट्टी आहे, आणि रजिस्टरमध्ये उत्पादनाची तारीख, चाचणीची तारीख आणि जागा. आधी आलेला होज आधी वापरायचा. नवा माल आला की मी पहिल्यांदा छापलेली तारीख बघते. मधे एक गुंडाळी आली, दिसायला नवी कोरी, पण छाप्यावरचं वर्ष बरंच जुनं होतं. बाहेरचा वेढा वाकवून पाहिला तर त्याच बारीक चिरा. ती स्टोअरमध्ये घेतलीच नाही, तशीच परत पाठवली.

असेंब्लीच्या बेंचवरचे स्प्रिंगसारखे पॉलियुरेथेनचे होज या फेरीत राहिले आहेत. त्यांना रबरासारखी ओझोनची भीती नाही, पण गरम चुरा पडला की भोक पडतं, आणि सतत ताणून टोकाशी ते पातळ होतात. त्यांची टोकं कशी तपासायची यावर सध्या काका आणि मी बसतोय.